रायफलीची वंशावळ आणि माणसाचा पत्ता

९ डिसेंबर २०२४ रोजी केज तालुक्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचे अपहरण करून खून झाला आणि त्यानंतर काही आठवड्यांतच बीड जिल्ह्यातल्या बंदुका हा साऱ्या महाराष्ट्राच्या चर्चेचा विषय झाला. जिल्ह्यात १२२२ शस्त्र परवाने आहेत आणि शेजारच्या परभणीत अवघे ३२, असे आकडे सामाजिक कार्यकर्त्या अंजली दमानिया यांनी जाहीरपणे मांडले. कमरेला पिस्तूल लावलेली छायाचित्रे, हवेत गोळीबार करतानाच्या चित्रफिती घरोघरच्या मोबाइलवर फिरल्या. प्रशासनाने परवान्यांची छाननी हाती घेतली आणि पुढच्या काळात शंभराहून अधिक परवाने रद्द केले. हे व्हायलाच हवे होते. पण चर्चा परवाना कोणाला मिळाला आणि कोणाचा गेला, एवढ्यावरच थांबली. परवाना गेला तरी लोखंड आणि लाकूड कुठे जात नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम २१ प्रमाणे ते हत्यार विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे लागते आणि मूळ मालकाला ते ठरावीक मुदतीत हक्कदार माणसाला विकून पैसे घेता येतात. म्हणजे दरवेळी परवाना संपला, म्हातारा परवानाधारक वारला, किंवा घरातल्या तीन बंदुकांपैकी एक कायद्याने जास्तीची ठरली, की एक विक्री पुढे उभी राहते. त्या विक्रीच्या कागदांबद्दल आपल्याकडे कोणी बोलत नाही. बीड जिल्ह्यातल्या पाटोद्यासारख्या तालुक्याच्या गावी हा प्रश्न विशेष गुंतागुंतीचा आहे, आणि ती गुंतागुंत उलगडण्यासारखी आहे.

या कागदांना दोन प्रश्नांची उत्तरे द्यायची असतात. हे हत्यार आले कुठून, हा पहिला. ते आज कोणाच्या घरात आहे हे कोणाकोणाला कळावे, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर जितके उघड, पूर्ण आणि तपासता येण्याजोगे असेल तितके बरे. दुसऱ्याचे उत्तर ज्यांचे ते काम आहे त्यांच्यापुरतेच असावे. आपल्याकडे नेमके उलटे चालले आहे. बंदुकीचा पूर्वेतिहास हरवतो, फाटतो, रद्दीत जातो. आणि माणसाचे नाव, पत्ता, आधार क्रमांक यांच्या झेरॉक्स प्रती मात्र टेबलाटेबलावर, दुकानादुकानात आणि व्हॉट्सॲपवर साठत राहतात. ही उलटापालट सुधारणे शक्य आहे, आणि त्यासाठी नवा कायदा लागत नाही, असे माझे म्हणणे आहे.

आधी वस्तू समजून घेऊ. जुन्या लष्करी रायफलींचा संग्रह करणारे लोक जगभर आहेत. लष्कराने नवी शस्त्रे घेतली की जुनी रायफल शिल्लक साठा म्हणून निघते आणि अमेरिकेसारख्या देशात ती संग्राहकांच्या हाती येते. या बाजारात भारताचे स्थान मोठे आहे. पश्चिम बंगालमधील इशापूरच्या कारखान्यात विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून ली-एनफिल्ड जातीच्या रायफली बनत होत्या. दोन्ही महायुद्धांत त्या वापरल्या गेल्या. १९६२ च्या चीन युद्धानंतर त्याच घडणीवर ७.६२ मिलिमीटरची २ए आणि २ए१ ही रायफल इशापूरने तयार केली, आणि ती आज अमेरिकेतल्या संग्राहकांकडे सहज दिसते. आपल्याकडे लोकांना हिची .३०३ बोअरची बहीण ठाऊक आहे, ‘थ्री-नॉट-थ्री’. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या सीएसएमटी स्थानकात काही पोलिसांच्या हातात हीच होती. उत्तर प्रदेश पोलिसांनी तिला २६ जानेवारी २०२० रोजी संचलनात निरोप दिला. भारतात मात्र लष्करातून किंवा पोलिसांतून निघालेल्या अशा रायफली नागरिकांना विकत मिळत नाहीत. .३०३ हा प्रतिबंधित बोअर आहे. त्याचा परवाना जिल्हाधिकारी देऊ शकत नाहीत, तो केंद्रीय गृह मंत्रालयाच्या हातात असतो. म्हणून आपल्याकडे खासगी घरांत दिसते ती बहुधा बारा बोअरची दुनळी, किंवा इशापूरचीच .३१५ बोअरची शिकारी रायफल, जिची यंत्ररचना ली-एनफिल्डवरून घेतली आहे. जुनी .३०३ असलीच तर ती एखाद्या जुन्या घराण्यात परवान्यावर नोंदलेली, वारशाने आलेली.

अशा रायफलीच्या अंगावर तिची जन्मपत्रिका कोरलेली असते. दस्ता जिथे लोखंडी खोबणीत बसतो तिथे उजव्या बाजूला मुकुट, त्याखाली राजाची ‘जी.आर.आय.’ ही आद्याक्षरे, कारखान्याचे नाव, वर्ष आणि नमुन्याचा क्रमांक असतो. स्वातंत्र्यानंतर मुकुटाची जागा अशोकाच्या सिंहांनी आणि ‘आर.एफ.आय.’ या अक्षरांनी घेतली. अनुक्रमांक एकाच जागी नसतो. मुख्य सांगाड्यावर, बोल्टच्या मुठीवर, नळीवर, नळीच्या टोकाच्या टोपीवर तो पुन्हा पुन्हा ठोकलेला असतो, आणि हे सगळे आकडे जुळले तर ती रायफल कारखान्यातून निघाली तशीच आहे असे मानतात. काही इशापुरी रायफलींच्या लाकडाला तांब्याची किंवा लोखंडी तार घट्ट गुंडाळलेली दिसते. त्या हातबाँब फेकण्यासाठी वापरल्या गेल्या होत्या. काही .३०३ रायफलींची नळी आतून गुळगुळीत करून त्यांची .४१० बोअरची एकबारी पोलीस बंदूक बनवली गेली. हा तपशील केवळ हौशी लोकांच्या गप्पांचा नाही. कोणती रायफल कोणत्या काडतुसासाठी आहे, तिच्यात कोणी काय फेरफार केला, ती कधी फक्त कवायतीसाठी म्हणून बाजूला काढली होती का, हे न कळता कोणी चाप ओढला तर तोंडाजवळ बोल्ट फुटू शकतो. पाकिस्तानच्या सरहद्द भागातील दर्रा आदमखेलच्या कारागिरांनी ली-एनफिल्डच्या हुबेहूब नकला केल्या. त्यांत शिक्क्यातली इंग्रजी अक्षरे कधी उलटी ठोकलेली सापडतात. म्हणून शिक्के वाचणारा माणूस आणि शिक्क्यांशी जुळणारा कागद, दोन्ही लागतात.

मराठवाड्यात हा कागद शोधणे म्हणजे इतिहासात शिरणे आहे. पाटोदा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते. कारभाराची भाषा उर्दू, कालगणना फसली. हैदराबादी फसली सन इसवी सनापेक्षा ५९० ने मागे चाले आणि ऑक्टोबरात बदले. म्हणजे १३५७ फसली हे १९४७-४८ चे वर्ष. जहागिरी बरखास्त करणारा विनियमसुद्धा १३५८ फसलीचा, म्हणजे १९४९ चा, म्हणूनच कागदोपत्री ओळखला जातो. जहागीरदार, देशमुख, मोठे पाटील यांच्याकडे त्या काळी परवान्याची हत्यारे असत. दुसरीकडे रझाकारांचा काळ आला. सिडनी कॉटन या ऑस्ट्रेलियन वैमानिकाने १९४८ मध्ये कराचीहून विमाने भरून हैदराबादेत चोरटी शस्त्रे आणली. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या पाच दिवसांच्या पोलीस कारवाईत निजामाचे राज्य संपले आणि हत्यारे जमा करून घेणे सुरू झाले. १ नोव्हेंबर १९५६ ला बीड जिल्हा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १ मे १९६० ला महाराष्ट्रात. १९५९ चा शस्त्र अधिनियम अमलात आला तो १ ऑक्टोबर १९६२ पासून. तेव्हा पाटोदा परिसरातल्या एखाद्या वाड्यात आजोबांच्या काळापासून असलेल्या रायफलीने तीन राज्यांचे शिक्के, दोन कालगणना आणि दोन-तीन लिप्या पाहिलेल्या असणे अगदी शक्य आहे. ती रायफल परवान्याच्या जहागीरदाराची, की १९४८ च्या धामधुमीत कोणाच्या तरी हाती लागलेली? लोखंड दोन्ही वेळा सारखेच दिसते. फरक करतो तो एक पिवळा पडलेला कागद.

असा कागद सापडत नाही, शोधणे व्यर्थ आहे, असे म्हणणाऱ्यांना गेल्या दोन-तीन वर्षांतला मराठवाड्याचा अनुभवच उत्तर देतो. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेल्यानंतर कुणबी नोंदींसाठी निजामकालीन दप्तरे उघडली गेली, मोडी आणि उर्दू वाचणारे शोधले गेले, हैदराबादच्या अभिलेखागारापर्यंत माणसे गेली. सरकारी मोहीम आली म्हणून का होईना, शंभर वर्षांपूर्वीचा कागद सापडतो, वाचता येतो आणि आजच्या कचेरीत पुरावा म्हणून उभा राहतो, हे गावागावातल्या लोकांनी पाहिले. बंदुकीच्या बाबतीत एवढी यातायात प्रत्येकाला करावी लागणार नाही. बहुतेकांना १९६२ नंतरचे परवाने, नूतनीकरणाचे शिक्के, विक्रेत्याची मूळ पावती, निवडणुकीच्या काळात पोलीस ठाण्यात हत्यार जमा केल्याच्या पावत्या आणि वारसाच्या नावे परवाना झाल्याचा आदेश एवढे पुरते. जमा पावती तर लोक हत्यार परत मिळाले की फेकून देतात. वास्तविक तिच्यावर तारीख, ठाणे, बोअर आणि अनुक्रमांक असतो. त्या दिवशी ते हत्यार कायदेशीर ताब्यात होते याचा पोलिसांनीच दिलेला तो दाखला आहे. जमिनीला जसा फेरफार असतो आणि एक जरी फेरफार गहाळ झाला तरी पुढची खरेदी कोर्टात लोंबकळते, तसेच हे आहे.

आता विक्रीचा कायदा. शस्त्र अधिनियमाच्या कलम ५ प्रमाणे आपल्या खासगी वापराचे हत्यार विकण्यासाठी विक्रेत्याचा परवाना लागत नाही, पण ते ज्याला विकायचे त्याचे नाव व पत्ता जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याच्या अधिकाऱ्याला लेखी कळवावे लागते आणि त्यानंतर किमान ४५ दिवस थांबावे लागते. घेणाऱ्याकडे त्या हत्याराचा परवाना हवा. कलम ८ प्रमाणे ओळखचिन्ह किंवा अनुक्रमांक खोडता येत नाही, ते नसलेले हत्यार विकता किंवा हस्तांतरित करता येत नाही, आणि तसे कोणाकडे सापडले तर खोडणारा तोच, असे कायदा गृहीत धरतो. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाकडे असू शकणाऱ्या बंदुकांची संख्या तीनवरून दोनवर आणली, परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच केली, आणि वारशाने आलेल्या बंदुकाही या दोनातच मोजल्या. ज्यांच्याकडे तिसरी होती त्यांना ती वर्षभरात सोडून द्यावी लागली. पिढीजात हत्यारे असलेल्या घरांना या एका तरतुदीने विक्रीच्या दारात आणून उभे केले. शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे परवानाधारक हयात असतानाही, त्याचे वय ७० झाले किंवा त्याने हत्यार २५ वर्षे बाळगले, तर ते वारसाच्या नावे करता येते. हा मार्ग माहीत नसल्याने अनेकदा म्हातारा वारतो, मुले पुण्यात असतात, आणि रायफल कपाटात विनापरवाना पडून राहते. त्या दिवसापासून ती बाळगणे गुन्हा ठरू शकते हे मुलांना कोणी सांगितलेले नसते.

संग्राहकाच्या दृष्टीने फेब्रुवारी २०२० मधली नियमदुरुस्ती महत्त्वाची आहे. जुन्या, दुर्मीळ वस्तू म्हणून गणल्या जाणाऱ्या लहान शस्त्रांच्या नुसत्या बाळगण्यासाठी भारतीय नागरिकाला परवाना लागणार नाही, मात्र ती वापरायला, घेऊन फिरायला किंवा वाहून न्यायला परवाना लागेल, आणि परवान्यावर नोंद असल्याशिवाय तिच्यासाठी काडतुसे मिळणार नाहीत, असे त्यात म्हटले आहे. मूळ अधिनियमाच्या कलम ४५ मध्ये, दुरुस्ती करूनही चालू न शकणाऱ्या कालबाह्य किंवा पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या हत्यारांना सूट आहे. या सवलती ऐकायला सोप्या वाटतात, पण आपली रायफल त्या वर्गात बसते हे सिद्ध कोण करणार? मालकच. कशाने? शिक्क्यांच्या छायाचित्रांनी, जुन्या परवान्याने, शस्त्रकारागिराच्या लेखी तपासणीने. शंभर वर्षांहून जुनी आणि ऐतिहासिक मोलाची वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येऊ शकते आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर पाठवता येत नाही, हेही परदेशी संग्राहकाच्या किमतीला भुलण्यापूर्वी लक्षात घ्यावे. १९१७ चा शिक्का असलेल्या रायफलीने शंभरी कधीच ओलांडली आहे.

पाटोद्यात यावर आणखी एक पदर आहे. तालुक्यात १९९४ पासून नायगाव मयूर अभयारण्य आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कलम ३४ प्रमाणे अभयारण्यात किंवा त्याच्या दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या प्रत्येक परवानाधारकाने अभयारण्य जाहीर झाल्यापासून तीन महिन्यांत वन खात्याकडे आपली नोंदणी करायची असते, आणि त्या टापूत नवा शस्त्र परवाना मुख्य वन्यजीव रक्षकांच्या पूर्वसंमतीशिवाय देता येत नाही. मोरांच्या रक्षणासाठी ही तरतूद योग्यच आहे. पण परिणाम असा की इथल्या एका रायफलीच्या धन्याचे नाव आणि पत्ता महसूल, पोलीस आणि वन अशा तीन खात्यांत, शिवाय विक्रेत्याच्या नोंदवहीत असतो. विक्री काढली की त्यात घेणाऱ्याच्या जिल्ह्याची कार्यालये मिळतात. प्रत्येक टेबलावर अर्जासोबत परवान्याची, आधारची, कधी घरपट्टीची झेरॉक्स जोडली जाते. झेरॉक्सच्या दुकानात एक जादा प्रत राहते, ती वेगळीच.

या पसाऱ्याने काय बिघडते, याची उदाहरणे परदेशात घडून गेली आहेत. ब्रिटनमध्ये जुन्या-नव्या बंदुकांच्या खरेदी-विक्रीसाठी वापरल्या जाणाऱ्या गनट्रेडर या कंपनीची माहिती जुलै २०२१ मध्ये चोरीला गेली. सुमारे १,११,००० जणांची नावे व पत्ते त्यात होते, आणि पुढे कोणीतरी ती यादी नकाशावर थेट टाकता येईल अशा रूपात पसरवली. म्हणजे बंदूक असलेले घर बोटाने दाखवता यावे. अमेरिकेत डिसेंबर २०१२ मध्ये, सँडी हुकच्या शाळेतील हत्याकांडानंतर, न्यूयॉर्क राज्यातील ‘द जर्नल न्यूज’ या वृत्तपत्राने दोन परगण्यांतील पिस्तूल परवानाधारकांची नावे-पत्ते नकाशावर छापले. ती माहिती तिथल्या कायद्याने खुलीच होती. तरीही तुरुंगरक्षकांचे पत्ते कैद्यांपर्यंत पोहोचल्याची तक्रार झाली, नवऱ्याच्या छळातून सुटून आलेल्या बायकांचा प्रश्न उभा राहिला, आणि जानेवारी २०१३ मध्ये राज्याने परवानाधारकाला नाव गुप्त ठेवण्याची मागणी करण्याची सोय दिली. वृत्तपत्रानेही नकाशा काढून टाकला. जून २०२२ मध्ये कॅलिफोर्निया सरकारच्याच संकेतस्थळावरून सुमारे १,९२,००० परवाना अर्जदारांची माहिती उघडी पडली. तीन ठिकाणी तीन वेगळी कारणे, चोरी, हेतुपुरस्सर प्रसिद्धी आणि सरकारी गलथानपणा. धोका मात्र तोच: ज्याला बंदूक चोरायची आहे त्याला दार कुठले ते कळते.

पाटोद्यात कोणाकडे बंदूक आहे हे गावाला माहीतच असते, मग लपवायचे काय, असे इथे कोणीही विचारेल. प्रश्न रास्त आहे. पण गावाला असलेली माहिती आणि यादीतली माहिती यांत फरक आहे. गावातल्या माणसाला घरही माहीत असते आणि त्या घरातली माणसेही. त्याने काही केले तर तो ओळखला जाईल हे त्यालाही माहीत असते. यादी मात्र जिल्हा ओलांडून अनोळखी हातात जाते. शिवाय विक्री हा सर्वांत उघडा क्षण असतो. घेणारा शोधायचा म्हणून रायफलीचे छायाचित्र फिरवले जाते, त्यात अनुक्रमांक स्पष्ट दिसतो, कधी शेजारी परवान्याचे पुस्तकही ठेवलेले असते. तो अनुक्रमांक उचलून चोरीच्या हत्यारावर ठोकता येतो, खोट्या परवान्यात लिहिता येतो. मराठवाड्यातल्या अनेक घरांत आज मुले शहरात आणि घरी दोन म्हातारी माणसे, अशी स्थिती आहे. त्या घरात रायफल आहे आणि तिची किंमत अमुक सांगितली जाते, ही बातमी पसरवणे म्हणजे त्या दोघांच्या जिवाशी खेळणे आहे.

याहून गंभीर आक्षेप बीडच्या अनुभवातून येतो. परवानाधारकांची नावे झाकून ठेवली म्हणूनच तर गुंडांना परवाने मिळाले, असे लोक म्हणतात. हा आक्षेप मी हलक्याने घेत नाही. पण २०२४ च्या अखेरीस प्रशासनाला हलवले ते कशाने? आकड्यांनी आणि तुलनेने. जिल्ह्यात किती परवाने, कोणत्या वर्षी किती दिले, किती अर्ज पोलिसांचा प्रतिकूल अहवाल असूनही मंजूर झाले, किती धारकांवर गुन्हे दाखल आहेत, किती परवाने कोणत्या कारणाने रद्द झाले, मंजुरीची सही कोणत्या पदावरच्या अधिकाऱ्याची, हे सगळे जनतेला दर वर्षी न मागता कळले पाहिजे. गंभीर गुन्ह्यात आरोपी असलेल्या माणसाकडे परवाना असेल तर त्याचे नावही लपवण्याचे कारण नाही. गुन्ह्याची नोंद ही सार्वजनिक बाब आहे. याउलट चाळीस वर्षे निष्कलंक परवाना बाळगणाऱ्या शेतकऱ्याचा गट क्रमांक प्रसिद्ध करून कारभार स्वच्छ होत नाही. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात सांगितले. माहितीच्या अधिकाराचे महत्त्व त्याने कमी झाले नाही. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याने मात्र माहिती अधिकार कायद्यातील व्यक्तिगत माहितीची सूट पूर्वीपेक्षा सरसकट करून ठेवली. हे मला चुकीचे वाटते. व्यापक जनहितासाठी माहिती देता येईल असे सांगणारे माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८ चे दुसरे पोटकलम अजून शाबूत आहे, आणि शस्त्र परवान्यांच्या संख्येसाठी ते ठामपणे वापरले पाहिजे. खासगीपणाच्या नावाखाली आकडेसुद्धा दडवले जाऊ लागले तर बीडची पुनरावृत्ती अटळ आहे.

संग्राहकांची हरकत वेगळ्या टोकाची. नावे काळी केली तर पूर्वेतिहासच गेला, असे ते म्हणतात. अमुक सरदाराची, अमुक पलटणीच्या अधिकाऱ्याची म्हणून तर किंमत असते. हे खरे आहे, पण जिवंत माणसाला हे लागू नाही. सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वी वारलेल्या जहागीरदाराचे नाव उघड ठेवायला हरकत कसली? तो इतिहास आहे. झाकायचा तो आजच्या मालकाचा पत्ता, फोन, आधार, आणि हयात असलेल्या मधल्या मालकांचा ठावठिकाणा. तोही कायमचा नव्हे. चौकशी करणाऱ्या पन्नास जणांना दाखवायच्या प्रतीत तो नसावा. व्यवहार ठरलेल्या एका परवानाधारकाला आणि जिल्हादंडाधिकाऱ्यांना द्यायच्या प्रतीत तो पूर्ण असावा. कलम ५ ला अपेक्षित असलेले नाव-पत्ते तेवढ्यातच येतात. काळी पट्टी ओढताना अनुक्रमांकाचे शेवटचे दोन-तीन आकडे दाखवण्याच्या प्रतीत झाकावेत, मूळ लोखंडावर मात्र कधीही कानस लावू नये. ते शस्त्र अधिनियमाच्या कलम ८ चा भंग ठरेल आणि वस्तूही कायमची बाद होईल.

मग कागदांची गरजच काय, सगळे संगणकावर आहे ना, असेही कोणी म्हणेल. केंद्राचा शस्त्र परवान्यांचा राष्ट्रीय डेटाबेस आहे, प्रत्येक परवान्याला त्यातला विशिष्ट ओळख क्रमांक लागतो, आणि तो उपयोगी आहेच. पण तो परवान्याची आजची स्थिती सांगतो; १९५५ साली रायफल कोणाकडे होती हे त्याला ठाऊक नाही. आणि यंत्रणेत शिरलेला परवाना खराच असतो असेही नाही. जम्मू-काश्मीरमध्ये २०१२ ते २०१६ या काळात अपात्र लोकांना २ लाख ७८ हजारांहून अधिक परवाने दिले गेल्याचा आरोप सीबीआयने तपासाला घेतला, आणि तो घोटाळा २०१७ मध्ये राजस्थानच्या दहशतवादविरोधी पथकाने उजेडात आणला. ते कागद खऱ्या कचेरीतून, खऱ्या शिक्क्यानिशी निघाले होते. म्हणून घेणाऱ्याने परवान्याची झेरॉक्स पाहून समाधान मानू नये. परवाना देणाऱ्या कार्यालयाकडून त्याची लेखी खातरजमा करून घ्यावी. ४५ दिवसांची मुदत लोकांना त्रासदायक वाटते, पण तिचा खरा उपयोग हाच. एवढ्या काळात दोन्ही जिल्ह्यांच्या कार्यालयांना एकमेकांना विचारता येते.

जिल्हाधिकारी कार्यालयाला यात फार काही करावे लागणार नाही. विक्रीच्या अर्जाचे दोन भाग करावेत. एका भागात हत्यार: बोअर, घडण, शिक्के, अनुक्रमांक, पूर्वीच्या परवान्यांचे क्रमांक व तारखा, जमा पावत्या. दुसऱ्यात माणसे. पहिला भाग हत्याराबरोबर कायम पुढे जावा, दुसरा सीलबंद फाइलमध्ये राहावा आणि कोणी उघडला त्याची नोंद व्हावी. ओळखीसाठी आधारची शेवटचे चार आकडेच दाखवणारी प्रत घ्यावी. ती आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून कोणालाही मिळते. वन खात्याला फक्त परवाना क्रमांक आणि गाव कळवले तरी कलम ३४ चा हेतू साधतो का, हे दोन्ही खात्यांनी एकदा बसून ठरवावे.

आणि पाटोदा, आष्टी, शिरूर कासार भागातल्या ज्या घरांत परवान्याचे जुने हत्यार आहे त्यांना एक विनंती. परवाना ज्यांच्या नावावर आहे त्या वडीलधाऱ्यांच्या हयातीतच एका कोऱ्या वहीत रायफलीचे सर्व शिक्के जसेच्या तसे उतरवून ठेवा, जुने परवाने आणि पावत्या एका पिशवीत घाला, उर्दू कागद असतील तर जाणकाराकडून त्यांचे देवनागरीत वाचन करून घ्या, आणि वय ७० झाले असेल तर वारसाचा अर्ज याच वर्षी द्या. त्या वहीचे छायाचित्र मात्र कोणालाही पाठवू नका.